यमुनेचं माहेर

‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये’, अशी आपल्याकडे म्हण आहे. यमुनेच्या बाबतीत मात्र ही दोन्ही एकाच जागी भेटतात. उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यात, बंदरपूंछ या ६,३१६ मीटर उंच शिखराच्या कुशीत एक हिमसरोवर आहे. त्याचं नाव सप्तऋषी कुंड. सात ऋषींनी इथे तप केलं, अशी श्रद्धा आणि यमुनेचं पहिलं पाणी इथलं, ही परंपरा. कुंडाची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४,४०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक रचल्या तरी कुंड वरच राहील!

मी राहते मयूर विहारमध्ये. पूर्व दिल्लीत, याच यमुनेच्या डाव्या तीरावर. इथे नदी समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवरून वाहते. डोंगर उतरून, मैदान ओलांडून, सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास करून ती आमच्या दाराशी येते. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे मेट्रोने पूल ओलांडताना खिडकीतून खाली बघतात आणि हमखास विचारतात, ‘‘हीच का ती यमुना? कृष्णाची?’’ ‘हो’ म्हणायला जीभ रेटत नाही आणि ‘नाही’ म्हणावं, तर तेही खोटं. म्हणून या वेळी म्हण बाजूला ठेवून नदीचं मूळ विचारायचंच ठरवलं.

सुरुवात भाऊबीजेपासून करू. या सणाचं दुसरं नाव यमद्वितीया. यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला तो हा दिवस, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. पण याच दिवशी यमुनोत्रीला बहीण-भावाचा आणखी एक सोहळा होतो. अक्षय्य तृतीयेला उघडलेलं यमुनोत्रीचं मंदिर भाऊबीजेला थंडीसाठी बंद होतं. त्या दिवशी खालच्या खरसाली गावातून शनिदेवाची डोली वर येते. शनी हाही सूर्याचा मुलगा. सावत्र का होईना, यमुनेचा भाऊच. तो बहिणीला न्यायला येतो. मग यमुनेची मूर्ती डोलीत बसते आणि भावाच्या सोबतीने खरसालीला येते. पुढचे सहा महिने तिची पूजाअर्चा तिथेच. गावकरी खरसालीला यमुनेचं माहेर म्हणतात. ज्या शनीच्या नावाने आपण धसका घेतो, तो तिथे बहिणीची पाठराखण करणारा भाऊ आहे!

भाविकांची यात्रा मंदिरापाशी संपते. जानकीचट्टीपर्यंत गाडी जाते, तिथून पाच-सहा किलोमीटरची चढण. सुमारे ३,३०० मीटरवर मंदिर आहे. शेजारी सूर्यकुंड हा गरम पाण्याचा झरा. कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ किंवा बटाटे बांधून पाण्यात सोडायचे, शिजले की तोच प्रसाद. नदीचं खरं मूळ याच्याही वर, आणखी हजारभर मीटर चढून गेल्यावर आहे. वाट अवघड, म्हणून मंदिर डोंगराच्या पायथ्याशी बांधलं गेलं. वरच्या पर्वताचं नाव कलिंद. त्यावरून यमुना झाली कालिंदी. हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला ते दिल्लीत पुन्हा भेटणार आहे.

हिमसरोवर म्हणजे नेमकं काय? महाराष्ट्रात आपल्याला तळी पुष्कळ माहीत आहेत. लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने झालं. बाकीची बहुतेक कुणीतरी बांध घालून केलेली. बर्फाने घडवलेलं तळं आपल्याकडे एकही नाही, कारण हिमनदी नाही. मात्र ते कसं होतं याची कल्पना नगर जिल्ह्यातल्या निघोजला गेलेल्यांना करता येईल. तिथे कुकडी नदीने दगडगोटे गरागरा फिरवून कातळात रांजणखळगे कोरले आहेत. हेच काम बर्फाने करायचं ठरवलं, तर? हिमनदी म्हणजे शेकडो वर्षं साचत गेलेल्या बर्फाचा प्रचंड थर. तो स्वतःच्या वजनाने कणाकणाने खाली सरकत असतो. त्याच्या तळाशी अडकलेले दगड पॉलिशपेपरसारखे डोंगर घासत जातात. घासून घासून खोलगट वाटी तयार होते. पुढे बर्फ मागे हटला की त्या वाटीत वितळलेलं पाणी साठतं.

दुसरा प्रकार असा. हिमनदी सरकताना दगड, वाळू, माती पुढे ढकलत नेते आणि जिथे थांबते तिथे त्याचा ढीग लावते. भूगोलाच्या पुस्तकात याला हिमोढ म्हणतात. बर्फ मागे सरकला की हिमोढ आणि बर्फ यांच्यामध्ये पाणी अडतं. हा निसर्गाचा बंधारा असला, तरी त्यात चुना नाही की सिमेंट नाही. नुसते रचलेले दगडधोंडे आणि कधीकधी आत गाडला गेलेला बर्फ! हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

फोटोतल्या अनेक हिमसरोवरांचं पाणी दुधाळ निळं-हिरवं दिसतं. त्याचं कारण दळणात आहे. बर्फाने घासलेल्या दगडाचं पीठ इतकं बारीक असतं, की ते तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतं आणि उन्हातला निळा-हिरवा रंग परत फेकतं. आपल्या बायकांनी जात्यावर दळलं धान्य, हिमालयाने दळला हिमालयच!

कुंडाच्या वाटेवरचा निसर्ग एखाद्या इमारतीच्या मजल्यांसारखा बदलत जातो. खाली बडकोटच्या आसपास पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि चीड वृक्ष. त्याच्या वर बांज म्हणजे ओकची झाडं, देवदार आणि बुरांस. बुरांसला वसंतात लालभडक फुलं येतात, त्यांचं सरबत उत्तराखंडात घरोघरी होतं. आणखी वर भूर्जवृक्ष. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, तोच हा. त्याच्यापुढे झाडं संपतात आणि ‘बुग्याल’ लागतात. बुग्याल म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं. हिवाळ्यात बर्फाखाली झोपलेली ही कुरणं पावसाळ्यात रंगीबेरंगी फुलांनी भरून जातात. मोनाल हा इंद्रधनुष्यी पिसांचा पक्षी उत्तराखंडाचा राज्यपक्षी, तर कस्तुरीमृग राज्यप्राणी. दोघेही याच उंचीवरचे रहिवासी. त्याच्याही वर उघडे खडक, दगडांचे ढिगारे आणि बर्फ.

याच उंचीवर जुलै ते सप्टेंबरात ब्रह्मकमळ फुलतं. इथे घरच्या बागेची हौस असलेल्या भगिनींना एक सांगायला हवं. आपल्या गॅलरीतल्या कुंडीत रात्री बाराला फुलणारं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवलं जाणारं ‘ब्रह्मकमळ’ हे नव्हे. ते अमेरिका खंडातून आलेल्या निवडुंगाच्या जातीचं. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं. त्याची फिकट पिवळसर, कागदासारखी पानं आतल्या जांभळट फुलांना थंडीपासून जपतात. कुंडीतलं फूल सुंदर आहे, यात वाद नाही. फक्त त्याचं नाव उसनं आहे.

आता पाण्यासोबत खाली उतरू. डोंगरात यमुनेला अनेक ओढे मिळतात. डेहराडूनजवळ कालसीच्या परिसरात तिला टोन्स नदी मिळते. या संगमाशी टोन्सचं पाणी यमुनेपेक्षा जास्त असतं, नाव मात्र पुढे यमुनेचंच चालतं. कालसीला सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही ही जागा महत्त्वाची होती. उगमापासून १७२ किलोमीटर आल्यावर नदी डोंगर सोडते आणि हरियाणातल्या हथनीकुंडला पोहोचते. इथवर ती बरीचशी हिमालयातली यमुनाच असते. थंड, वेगवान, मासे आणि पक्षी सांभाळणारी.

हथनीकुंडला मोठा बंधारा आहे. जवळच ताजेवालाला इंग्रजांनी १८७३ मध्ये बांधलेला जुना बंधारा होता, त्याच्या जागी हा नवा बंधारा नव्वदच्या दशकाअखेर उभा राहिला. इथून पाण्याच्या वाटण्या होतात. उजवीकडचा पश्चिम यमुना कालवा हरियाणा आणि दिल्लीकडे जातो, डावीकडचा पूर्व कालवा उत्तर प्रदेशाकडे. १२ मे १९९४ रोजी खोऱ्यातल्या राज्यांनी पाणीवाटपाचा करारही केला. करारात सगळ्यांना वाटा मिळाला. नदीला स्वतःला किती पाणी लागतं, हा प्रश्न जोरात पुढे आला तो नंतर. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नदीत सेकंदाला किमान १० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५२ क्युसेक पाणी राहावं, असं सांगितलं. पावसाळा सरला की हथनीकुंडच्या खाली नदीच्या वाट्याला साधारण तेवढंच येतं. त्यातलंही पुष्कळसं वाटेतल्या वाळूत मुरतं, उन्हाने उडतं.

म्हणजे बघा, माहेराहून निघालेल्या लेकीची शिदोरी अर्ध्या वाटेवरच वाटून संपते! वर्षभरात यमुनेत जे पाणी येतं, त्यातलं सुमारे ८० टक्के पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत येतं. उरलेले नऊ महिने बर्फाचं आणि झऱ्यांचं पाणीच नदीला तगवतं आणि नेमकं तेच पाणी कालव्यात वळतं. शेती पिकते, शहरांना पाणी मिळतं, त्याला कोण नाही म्हणेल? पण नदीचं पात्र मात्र रितं राहतं.

दिल्लीत शिरताच वजीराबादला आणखी एक बंधारा. उरलेलं पाणी इथे पिण्यासाठी उचललं जातं. त्याच्या खाली लगेच नजफगढ नाला नदीत येऊन पडतो. एके काळी हीसुद्धा साहिबी नावाची नदी होती. वजीराबाद ते ओखला हे अंतर फक्त २२ किलोमीटर. यमुनेच्या १,३७६ किलोमीटर लांबीच्या दोन टक्केही नाही. पण नदीतल्या एकूण घाणीपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त घाण याच टप्प्यात तिच्यात ओतली जाते. आंघोळीच्या लायकीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा. दिल्लीत कोरड्या महिन्यांत तो अनेक ठिकाणी शून्याला टेकतो. मासा जगणार कसा?

या २२ किलोमीटरांच्या खालच्या भागात, डाव्या हाताला आमचं मयूर विहार आहे. नदी आणि वस्ती यांच्यामध्ये ‘खादर’ पसरलेला आहे. खादर म्हणजे पुराचं पाणी पसरतं ती गाळाची जमीन. तिथे पिकलेले मुळे, फुलकोबी, पालक आमच्या बाजारात येतात. शेजारी पटपडगंज. मराठी माणसाने हे नाव विसरू नये. ११ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. ती हरल्यावर इंग्रज यमुना ओलांडून दिल्लीत शिरले. जिंकलेल्या सेनापतीचं नाव होतं जनरल लेक!

त्या नावाचा इंग्रजी अर्थ सार्थ करणारं एक तळंही आमच्याकडे आहे, संजय झील. सखल जागेत दिल्ली विकास प्राधिकरणाने ते तयार केलं. भोवती झाडी आहे, सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, हिवाळ्यात पक्षी येतात. थोडं खाली ओखल्याला १९९० मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झालं. तिथे थंडीत पट्टकदंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे राखाडी हंस. उन्हाळ्यात तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांकाठी पिल्लं वाढवायची आणि थंडीत हिमालय ओलांडून मैदानात उतरायचं, हा त्यांचा रिवाज. वरच्या सरोवरांचं आणि आमच्या खादराचं नातं माणसं विसरली, पाखरं अजून विसरलेली नाहीत.

ओखल्याच्याच शेजारी कालिंदी कुंज. वर कलिंद पर्वत, खाली कालिंदी कुंज, नाव तेच! छठपूजेच्या सुमाराला वर्तमानपत्रांत पांढऱ्या फेसात उभं राहून अर्घ्य देणाऱ्या बायकांचे फोटो येतात, ते इथलेच. लांबून पाहिलं तर बर्फ वाटावा असा तो फेस. साबण आणि डिटर्जंटमधले फॉस्फेट, सांडपाण्यातले घटक आणि बंधाऱ्यावरून पडताना पाण्याचं घुसळणं, यांतून तो तयार होतो. उगमाशी खरा बर्फ, दिल्लीत हा खोटा.

मग आम्ही मयूर विहारचे लोक पाणी कुठलं पितो? यमुनेच्या काठावर राहून पूर्व दिल्ली मुख्यतः गंगेचं पाणी पिते! उत्तर प्रदेशातल्या मुरादनगरहून गंगा कालव्याचं पाणी भागीरथी आणि सोनिया विहार या जलशुद्धीकरण केंद्रांत येतं आणि तिथून आमच्या नळांना. त्यात टिहरीच्या धरणाचं, म्हणजे गंगोत्रीकडून येणाऱ्या भागीरथीचं पाणी आहे. यमुनोत्रीला असित मुनींची एक कथा सांगतात. ते रोज यमुनेतही न्हात आणि डोंगर ओलांडून गंगेतही. म्हातारपणी चालवेना, तेव्हा गंगेची एक धार त्यांच्यासाठी यमुनोत्रीलाच प्रकटली. आमच्याकडे गंगा यमुनेच्या दारी आली, ती नळातून. असित मुनींनी मात्र गंगा आली म्हणून यमुनेकडे पाठ फिरवली नव्हती.

आणि अशी पाठ फिरवून चालत नाही, हे नदी मधूनमधून सांगते. ११ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीमुळे हथनीकुंडहून सुमारे ३ लाख ५९ हजार क्युसेक पाणी सुटलं. कोरड्या दिवसांतल्या ३५२ क्युसेकच्या हजारपट! १३ जुलैला दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाशी पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. खादरातली कुटुंबं गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन वर आली आणि मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूंत राहिली. २०२५ च्या सप्टेंबरात पाणी पुन्हा २०७ मीटरच्या वर गेलं, पुन्हा तंबू लागले. ज्या नदीत वर्षभर पाणी नाही म्हणून आपण हळहळतो, तिचं पाणी चार दिवसांत घरात शिरतं. मधलं काही उरलंच नाही.

वरही सगळं आलबेल नाही. दगडांच्या त्या नैसर्गिक बंधाऱ्यांची गोष्ट आठवते ना? केदारनाथच्या वरचं चोराबारी ताल असंच हिमोढाने अडवलेलं तळं होतं. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थी तिथे विसर्जित झाल्या, तेव्हापासून त्याला गांधी सरोवरही म्हणत. अतिवृष्टी आणि वितळत्या बर्फाने ते भरलं आणि १७ जून २०१३ च्या सकाळी फुटलं. केदारनाथमध्ये काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि तिस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. यमुनेच्या खोऱ्यातही २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्यानाचट्टीपाशी ओढ्याने आणलेल्या दगडमातीने नदीच अडवली, तात्पुरतं तळं झालं आणि काठच्या इमारतींत पाणी शिरलं.

‘इस्रो’ने एप्रिल २०२४ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे माहिती दिली. हिमालयातल्या नदीखोऱ्यांत १० हेक्टरपेक्षा मोठी २,४३१ सरोवरं आढळली. त्यांपैकी ६७६ हिमसरोवरं १९८४ पासून लक्षणीय वाढली आहेत आणि त्यांतली १३० भारतात आहेत. सरोवर वाढतंय म्हणजे पाणी वाढतंय, छानच की, असं वाटेल. पण ते बँकेतली मुदत ठेव मोडून बचत खात्यात टाकण्यासारखं आहे. खात्यातली रक्कम फुगलेली दिसते, पण ठेव गेलेली असते. बर्फ ही ती ठेव.

मग आपण काय करायचं? हथनीकुंडचे दरवाजे आपल्या हाती नाहीत. मोठे निर्णय सरकारने आणि राज्यांनी घ्यायचे आहेत. नदीत वर्षभर वाहतं पाणी ठेवणं आणि नाल्यांचं पाणी शुद्ध करूनच सोडणं, ही ती दोन मुख्य कामं. १९९३ पासून यमुना कृती योजना चालू आहे, जपानचीही मदत झाली. पण नदीत पाणीच नसेल, तर कितीही शुद्धीकरण केलं तरी स्वच्छ होणार ते नाल्याचं पाणी. नदी होण्यासाठी त्यात माहेरचं पाणी मिसळावं लागेल. मतं मागायला येणाऱ्यांना हे विचारायला हरकत नाही.

घरातल्या गोष्टी मात्र आपल्याच हाती आहेत. दिल्लीच्या पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या लावाव्या लागल्या, कारण लोक चालत्या गाडीतून निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नदीत भिरकावत. जाळी शिवायची वेळ यावी, यात आपली शोभा नाही. निर्माल्य कुंडीतल्या मातीत घातलं, तर महिन्या-दोन महिन्यांत त्याचं खत होतं. यमुनेत मूर्ती विसर्जनाला आता मनाई आहे. मराठी घरांना सुरुवातीला हे जड गेलं, पण शाडूची लहान मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित करून ते पाणी झाडांना घालणारी कुटुंबं आज दिल्लीत आहेत. कपडे धुताना पावडर मापाने घालावी. मूठभर जास्त घातली तर कपडे जास्त उजळत नाहीत, नदीवरचा फेस मात्र वाढतो.

आणि जमेल तेव्हा एकदा यमुनोत्रीला जाऊन यावं. चारधाम यात्रेची नोंदणी आधी करावी लागते. ऋषिकेश किंवा डेहराडूनहून बडकोटमार्गे जानकीचट्टीला पोहोचता येतं. ऐन पावसाळा टाळावा. सप्तऋषी कुंड यमुनोत्रीहून साधारण दहा किलोमीटर वर आहे. वाट खडी आणि फसवी. हवा विरळ असल्याने दम लागतो. स्थानिक वाटाड्या, वनखात्याची परवानगी आणि अंगात दोन दिवस मुरलेली उंचीची सवय, या तिन्हीशिवाय तिकडे फिरकू नये. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी मंदिरापर्यंतच जावं. तिथेही यमुनेचं पाणी ओंजळीत घेता येतं. बोटं गारठतात, तळाचे खडे दिसतात.

मुलांना ते पाणी जरूर दाखवा. दिल्लीत वाढणाऱ्या मुलांना यमुना म्हणजे पुलाखालचा काळा प्रवाह, एवढंच ठाऊक असतं. नदी अशीही असते, हे पाहिलेलं मूलच पुढे ती तशी हवी म्हणून हट्ट धरील.

येत्या भाऊबीजेला निरांजन लावाल, तेव्हा खरसालीच्या त्या डोलीची आठवण ठेवा. तिकडचा भाऊ दर वर्षी न चुकता बहिणीला न्यायला डोंगर चढून जातो. इकडे खाली तिची विचारपूस करण्याचं काम मात्र आपलं आहे.